भिंतीच्या कोपऱ्याची राखण

लाद्यांनी मढविलेली भिंत कितीही नेटकी दिसत असली, तरी जेथे दोन भिंती काटकोनात भेटून खोलीच्या बाजूस पुढे आलेला कोपरा निर्माण करतात, तेथेच त्या साऱ्या कामाची खरी परीक्षा होत असते. कारण आत गेलेला कोपरा दोन्ही भिंतींच्या आश्रयाने सुरक्षित राहतो, बाहेर आलेला कोपरा मात्र भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर, धावते मूल आणि अंधारात चाचपडणारा हात यांच्या वाटेतच उभा असतो. न्हाणीघरातील खिडकीच्या कडा, सांडपाण्याचे नळ झाकण्यासाठी बांधून काढलेला चौकोनी खांब, ओट्याच्या टोकाशी वळणारी भिंत, मोरीचा कठडा, अशा जागा शोधू लागले म्हणजे दोन खोल्यांच्या घरातही त्या बऱ्याच निघतात. आणि तरीसुद्धा अंदाजपत्रकात लाद्यांचा रंग, आकार व दर यांचा तपशील चोख उतरलेला असताना या कोपऱ्यांची तजवीज बहुधा कोठेच केलेली नसते.

भट्टीत भाजलेल्या लादीची प्रकृती अशी, की दाब सोसण्याचे तिचे सामर्थ्य मोठे असले तरी ताण आणि आघात सोसण्याचे अल्प असते. लादीच्या मध्यभागी बसलेला धक्का मागच्या भिंतीत पसरून जातो. कडेवर बसलेल्या धक्क्याला पसरावयास जागाच नसल्यामुळे तेवढाच टवका उडतो. त्यातून भिंतीच्या लादीचा रंग तिच्या अंगात नसून केवळ वरच्या झिलईत असतो. ही झिलई म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा किंवा त्याहूनही पातळ असा काचेचा थर, आणि त्याखाली पांढरी वा तांबूस सच्छिद्र माती. त्यामुळे एक लादी दुसरीच्या पुढे काढून कोपरा जुळविला, तर त्या मातीची उघडी रेघ वरपासून खालपर्यंत डोळ्यांत भरते आणि न्हाणीघरात पाणीही शोषून घेते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश कारखानदारांनी या अडचणीवर योजिलेला उपाय मला आजही अत्यंत समंजस वाटतो. सपाट लाद्यांबरोबरच ते त्याच रंगाचे व त्याच झिलईचे गोल कडेचे जोडतुकडे घडवीत, आणि ते कोपऱ्यावर बसविले म्हणजे सबंध भिंत एकाच मुशीतून निघाल्यासारखी दिसे. परंतु मोरबीसारख्या ठिकाणच्या कारखान्यांतून लाद्यांच्या नवनव्या छटा आणि आकार सतत बाजारात येऊ लागल्यावर, प्रत्येक छटेसाठी असा स्वतंत्र तुकडा घडविणे व्यवहार्य राहिले नाही, आणि कोपऱ्याचा सारा भार गवंड्याच्या हातातील ग्राइंडरवर येऊन पडला.

ग्राइंडरने दोन्ही लाद्यांच्या कडा मागून पंचेचाळीस अंशांत घासून त्या एकमेकींना भिडविण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे, आणि निष्णात कारागिराच्या हातून ती साधली असता तिच्यासारखे देखणे काम दुसरे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि या पद्धतीत झिलईला खालून आधार देणारी मातीच काढून टाकलेली असते, म्हणजे ज्या जागी सर्वांत अधिक आघात व्हावयाचा, नेमक्या त्याच जागी लादी सर्वांत पातळ केलेली असते. यापेक्षाही गंभीर अशी एक बाब आहे, आणि तिच्याकडे घरमालकाचे लक्ष क्वचितच जाते. लादीच्या मातीत स्फटिकरूप सिलिका असते; बंद न्हाणीघरात बसून, तोंडाला नुसता रुमाल बांधून, पाण्यावाचून लाद्या घासणाऱ्या माणसाच्या श्वासाबरोबर तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. त्यातून जडणाऱ्या सिलिकोसिस या व्याधीवर रोग मुळापासून बरा करणारा उपचार आजही उपलब्ध नाही. आपल्या भिंतीच्या शोभेसाठी दुसऱ्याच्या फुप्फुसांचे मोल द्यावे, हे मला कोणत्याही सबबीखाली पटत नाही. कड घासावयाचीच असेल, तर पाण्याची धार सोडून, मोकळ्या हवेत आणि धूळ अडविणारा योग्य मुखवटा लावूनच ती घासली जावी, अशी ताकीद घरमालकाने स्वतः दिली पाहिजे.

धातूची पट्टी ही या दोन्ही आपत्तींवरील तोड होय. जुन्या शिसवी पेटाऱ्याच्या कोपऱ्यांवर पितळी पत्रे जडविलेले असत, त्याच न्यायाने लादीची कड येथे धातूच्या स्वाधीन केलेली असते. या पट्टीला आजचे रूप येण्यात जर्मनीतील इझरलोन गावच्या वेर्नर श्लूटर यांचा वाटा मोठा आहे. ते स्वतः लाद्या बसविणारे कसबी कारागीर होते, आणि गेल्या शतकाच्या आठव्या दशकात त्यांनी काढलेली पट्टी पुढे देशोदेशी पसरली. तिची रचना साधी असते. एक बाजू सपाट व भोके पाडलेली. ती लादीच्या पाठीमागे ॲडहेसिव्हमध्ये दाबली जाते, आणि भोकांतून वर आलेला लगदा घट्ट झाला की पट्टी भिंतीचाच भाग होऊन बसते. दुसरी बाजू लादीच्या जाडीइतकी उंच असून तेवढीच बाहेर दिसते.

या रचनेतच या वस्तूचे मर्म आहे, आणि पुष्कळांची फसगतही येथेच होते. ही पट्टी लाद्यांच्या मागे जावयाची असल्यामुळे तिचा निर्णय पहिली लादी लागण्यापूर्वीच व्हावा लागतो. लादीची जाडी मापून पट्टीची उंची ठरते, आठ मिलिमीटरच्या लादीला आठ, दहाच्या लादीला दहा. परंतु भिंतीवर ॲडहेसिव्हचाही थर असतो, म्हणून जाडी दोन मापांच्या मध्ये सापडल्यास वरचे माप घ्यावे. पट्टी लादीच्या पातळीहून किंचित वर राहिली तर चालते, पण खाली गेली तर कड पुन्हा उघडी पडते आणि पट्टी असून नसल्यासारखी होते. लादी व पट्टी यांमध्ये एक-दोन मिलिमीटरांची फट ठेवून ती ग्राउटने भरतात. पट्टी ओळंब्यात उभी करणे हे सर्वांत नाजूक काम, कारण ती एकदा तिरपी बसली की लाद्यांची प्रत्येक ओळ तिच्यामागे तिरपी जाते.

धातूची निवड करताना केवळ चकाकी पाहून भागत नाही. ॲल्युमिनियम स्वस्त व कापावयास सुलभ; पण हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा जो पातळ थर आपोआप धरतो, त्याच्याच बळावर ते टिकते, आणि हा थर अल्कलीत विरघळतो. ओल्या सिमेंटचा सामू बारा-तेराच्या घरात असतो, म्हणजे ते तीव्र अल्कलीच होय. त्याचा शिंतोडा पट्टीवर वाळू दिला तर पांढरे डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. ॲनोडायझिंग केलेली पट्टीही यातून सुटत नाही, कारण तो थरही ऑक्साइडचाच, फक्त विजेच्या साहाय्याने जाड केलेला. म्हणून काम चालू असतानाच ओल्या फडक्याने पट्टी पुसत राहणे अगत्याचे आहे. स्टेनलेस स्टीलची पट्टी अधिक टिकाऊ. तिच्यातील क्रोमियम असाच अदृश्य थर धरून गंज थोपविते, परंतु क्लोराइड तो थर भेदते. यास्तव रत्नागिरी, मालवण वा गोव्याच्या किनाऱ्यावरील घरात साध्या ३०४ प्रतीपेक्षा दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत घेणे इष्ट. काम संपल्यावर लाद्या ‘ॲसिड’ने धुण्याची आपली वहिवाट या सर्वच पट्ट्यांना घातक आहे. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ग्राउटचे सिमेंटही ते खाऊन टाकते. पितळ काळवंडते खरे, पण चिंच व राखेने भांडी घासणाऱ्या घराला त्याचे भय वाटू नये.

पट्टीच्या बाहेरील कडेचा आकार चौकोनी असावा की गोल, याविषयी शोभेच्या दृष्टीने वाद घालणारे पुष्कळ आहेत. जेथे लहान मुले वा वृद्ध राहतात, तेथे ओल्या जमिनीवरून पाय घसरल्यास डोके किंवा कोपर नेमके याच कडेवर आदळते, म्हणून माझे मत निःसंशय गोल कडेच्या बाजूने आहे.

ज्यांच्या भिंती पूर्वीच मढवून झाल्या आणि ज्यांच्या कोपऱ्यांचे टवके उडाले, त्यांना मूळ पट्टी बसविण्यासाठी कोपऱ्यावरच्या लाद्यांची उभी ओळ उखडावी लागते, आणि जुन्या छटेची लादी हाताशी नसेल तर तो मार्गच बंद होतो. अशांसाठी बाजारात बाहेरून चिकटविण्याची साधी एल-पट्टी मिळते. कोपरा प्रथम कोरडा व तेलकटपणारहित करून, निघालेले टवके भरून काढून, मग सिलिकोनने ती बसवावी, आणि सिलिकोन पुरते पक्के होईपर्यंत चिकटपट्टीने बांधून ठेवून त्या न्हाणीघराचा वापर बंद ठेवावा.