सुईच्या भोकातून हजार यार्ड

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती आले की घरातले चिरंजीव एक डोळा मिटून शेजाऱ्यांच्या आकाशकंदिलावर नेम धरू लागतात. त्यांना तो खेळ खेळू द्या. ज्यांना चाळिशी लागली आहे अशा वडीलधाऱ्यांनी तोवर एक वेगळाच प्रयोग करून पाहावा. एका पोस्टकार्डाला सुईने बारीक भोक पाडावे, चष्मा काढून ठेवावा, कार्ड अगदी डोळ्याशी धरावे आणि भरपूर उजेडात याच पानावरच्या ओळी वाचाव्यात. एरवी एकमेकांत मिसळणारी अक्षरे जरा अंधुक, पण चांगली रेखीव दिसू लागतील!

यात जादू काहीच नाही. भोक लहान असल्यामुळे इकडचे तिकडचे किरण अडतात आणि जवळचे व लांबचे दोन्ही बरेचसे स्पष्ट दिसते. याच साध्या गोष्टीच्या बळावर इंग्लंडमधल्या हौशी नेमबाजांनी महायुद्धातून परतलेल्या लष्करी रायफलीचे रूप पालटले. तिची ही हकीकत.

ही रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. आपल्या तोंडी बसलेले तिचे नाव ‘थ्री-नॉट-थ्री’. आपल्याकडे ती इछापूरच्या कारखान्यात तयार होत असे. १९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती हीच होती आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर तिला २०२० साली निरोप दिला. जुन्या काळी एन.सी.सी.चा खाकी गणवेश घातलेल्या वाचकांपैकी काहींच्या खांद्याला तिचा धक्का अजून आठवत असेल.

१९०७ साली निघालेल्या तिच्या जुन्या नमुन्यात मागची साईट नळीवर बसवलेली असे आणि तिला वरून उघडी अशी एक खाच असे. त्या खाचेतून नळीच्या टोकावरची माशी पाहायची आणि ती लक्ष्याखाली आणायची. येथेच डोळ्याची परीक्षा होते. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट पाहता येते. विशीतला शिपाई हे कसेबसे साधून नेतो, पण पंचेचाळिशीला खाच हमखास पुसट होते.

दुसऱ्या महायुद्धात आलेल्या ‘नंबर ४’ या नमुन्यात सुधारणा झाली. खाचेच्या जागी भोक आले आणि साईट मागे, थेट डोळ्याजवळ सरकली. भोकातून पाहताना डोळा आपोआप त्याच्या मध्यावर स्थिरावतो. त्यामुळे मागच्या साईटची चिंताच उरत नाही आणि सारे लक्ष माशीकडे देता येते. शिवाय दोन्ही साईटींमधले अंतर सुमारे १९ इंचांवरून सुमारे २८ इंच झाले. याचा फायदा गणिताने पाहा. नेम धरताना माशी इंचाच्या शंभराव्या भागाने सरकली, तर हजार यार्डांवर जुन्या रायफलीची गोळी सुमारे १९ इंच चुकते, तर नव्या रायफलीची १३ इंचांच्या आत राहते.

शिपायाला एवढे पुरे होते. नेमबाजाला पुरेना! लष्करी साईट २०० यार्डांपासून १३०० यार्डांपर्यंत वरखाली होई, पण डावीउजवीकडे तसूभरही हलत नसे. माशी आडवी सरकवायची तर कारागिराकडे जायला हवे. आणि हजार यार्डांवर आडवा वारा गोळीला कित्येक फूट वाहवत नेतो!

या हौशी लोकांची पंढरी म्हणजे सरे परगण्यातले बिस्ले. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा १८६० साली विंबल्डनला भरला, तेव्हा खुद्द व्हिक्टोरिया राणीने रेशमी दोरी ओढून पहिली गोळी झाडली होती. १८९० पासून हा मेळावा बिस्लेला भरतो. मैदानावर ठिकठिकाणी निशाणे फडफडत असतात. ती पाहून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि साईट त्या हिशेबाने फिरवायची, ही तिथली खरी विद्या.

ती साईट बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने पुरवली. ‘नंबर ४’साठीच्या त्यांच्या ‘५-सी’ नमुन्याला दोन फिरक्या होत्या, एक उंचीची आणि दुसरी वाऱ्याची. फिरकी एक खटका फिरवली की नेम पाव मिनिट सरके. म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे पाव इंच आणि हजार यार्डांवर सुमारे अडीच इंच. भोकाच्या जागी लहानमोठी होणारी झडप बसवता येई. ढगाळ दिवशी ती मोठी करावी आणि ऊन पडले की बारीक. काही स्पर्धांत पुढे माशीऐवजी कडे बसवीत. त्या कड्याच्या मधोमध गोल लक्ष्य ठेवायचे. गोलात गोल बसवणे डोळ्याला फार सोपे जाते.

मात्र साईट बदलली म्हणून सारे दोष जात नाहीत. नळी झिजलेली असेल, लाकडी दस्ता ढिला असेल, तर सोन्याची साईटही गोळीला सरळ नेणार नाही. म्हणून जाणकार आधी नळी आणि दस्ता तपासतो, मग साईटवर पैसे खर्च करतो. दुसरे पथ्य अधिक मोलाचे आहे. ‘५-सी’ बसवायला रायफलीला नवे भोक पाडावे लागत नाही. जुनी साईट जिथे खिळीवर बसते तिथेच ती बसते. काढलेली साईट कापडात गुंडाळून जपून ठेवली, तर रायफल पुन्हा होती तशी करता येते. कानस आणि ड्रिल चालवून एकदा केलेली हानी मात्र भरून येत नाही. ती रायफल कुणाच्या तरी तरुणपणाची, कदाचित कुणाच्या शेवटच्या दिवसाची साक्षीदार असते.

आपल्याकडे ही रायफल सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. पण भोकातून पाहण्याची ती विद्या महाराष्ट्राच्या घरची झाली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. त्यांच्या आधुनिक रायफलींवरही मागे बारीक भोक आणि पुढे कडेच होते.

माणसाला मारण्यासाठी घडवलेले हत्यार कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर समाधान मानू लागते, यापरते त्याचे भाग्य कोणते? आता ते पोस्टकार्ड चिरंजीवांच्या हाती द्या, आणि आकाशकंदिलाऐवजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तारीख वाचायला सांगा!