बॉक्स रूममधली अकरा वर्षं

रेडिंगमधल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथे एक चिंचोळी खोली आहे. इथली माणसं तिला बॉक्स रूम म्हणतात. पलंग टाकला तर कपाट मावत नाही, कपाट ठेवलं तर दार पुरतं उघडत नाही. म्हणून आम्ही तिथे टेबल मांडून घरचा कॉम्प्युटर ठेवला. २००४ पासून टेबल तेच आहे, त्यावरची यंत्रं बदलत गेली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, तेव्हा ओळखीच्या दोन-तीन मराठी घरांतून विचारणा झाली : तुम्ही फार पूर्वीच लिनक्सवर गेलात ना, मग आमचंही होईल का? होईल, असं मी सांगितलं. पण त्याआधी त्यांना एक प्रश्न विचारायचा, हे मी शिकले आहे. तो सुचायला मला बरीच वर्षं लागली.

पहिला कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा होता. मुलाचा जन्मही २००४चाच, त्यामुळे सुरुवातीला त्यावर फक्त फोटो साठत गेले. मग २००५च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबा वाईचे निवृत्त शिक्षक. येताना त्यांनी पुण्याहून मराठी फॉन्टची एक सीडी आणली होती, कारण त्यांना लिहायचं होतं. तरुणपणी ते पाटण तालुक्यातल्या एका शाळेवर होते आणि ११ डिसेंबर १९६७ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तिथेच होते. त्या पहाटेबद्दल ते घरात फारसं बोलत नसत. बॉक्स रूममध्ये मात्र सकाळी नाश्ता झाल्यावर दार लोटून बसायचे आणि दोन बोटांनी टाइप करायचे. २००५, २००७ आणि २००९ अशा तीन उन्हाळ्यांत त्यांनी एक्केचाळीस फायली केल्या. २०११मध्ये ते गेले.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. मायक्रोसॉफ्टचं ब्रिटनमधलं मुख्य कार्यालय आमच्याच गावात, थेम्स व्हॅली पार्कमध्ये आहे. तिथे काम करणारी मराठी माणसंही ओळखीची. त्यामुळे ही तारीख आम्हाला खूप आधीपासून माहीत होती. तरी आम्ही ढकलत राहिलो, आणि आम्ही एकटेच नव्हतो : ब्रिटिश सरकारने त्याच महिन्यात, सरकारी कार्यालयांतल्या एक्सपीला आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळावेत म्हणून सुमारे ५५ लाख पौंड मोजले. आमच्यासमोर दोनच वाटा होत्या. नवं यंत्र घ्यायचं, किंवा एक जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर दुसरं काहीतरी बसवायचं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने उबुंटू नावाचं लिनक्स सुचवलं. ते बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची मार्क शटलवर्थ यांनी २००४मध्ये स्थापना केली, ती लंडनची. त्याची १४.०४ ही आवृत्ती १७ एप्रिलला, गुरुवारी आली. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, म्हणजे ईस्टरची चार दिवसांची सलग सुट्टी. आमच्या यंत्राला उबुंटू जड गेलं असतं, म्हणून त्याचंच हलकं भावंड, झुबुंटू, घेतलं.

आधी सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. मग डीव्हीडी घालून ते न बसवताच चालवून बघितलं. ही सोय मला फार आवडली. भांडं विकत घेण्याआधी वाजवून बघावं तसं. माउस चालतो, आवाज येतो, इंटरनेट लागतं, एवढी खात्री झाल्यावरच जुनं पुसलं. कीबोर्ड निवडताना ब्रिटिश निवडायचा राहिला आणि पौंडाची कळ दाबली की भलतंच चिन्ह यायला लागलं, ते पाच मिनिटांत सुटलं. प्रिंटरने पुढचे तीन शनिवार-रविवार खाल्ले. बीबीसीच्या आयप्लेअरची मला धास्ती होती, कारण २००७मध्ये तो सुरू झाला तेव्हा कार्यक्रम उतरवून घ्यायला एक्सपीच लागायचा आणि लिनक्स वापरणाऱ्यांनी त्यावर खूप आवाज उठवला होता. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ब्राउझरमध्ये आला, त्यामुळे आमच्यापर्यंत ती अडचण पोहोचलीच नाही. बँक, कर विवरण, मुलाच्या शाळेची पत्रं, सगळं ब्राउझरमधून होत होतं. त्या रविवारी संध्याकाळी मला वाटलं, प्रिंटर सोडला तर झालं.

सोमवारी आईने बाबांची फाईल उघडायला सांगितली.

ती त्या वर्षी एप्रिलमध्येच आली होती. तिच्या व्हिजाची मुदत सहा महिन्यांची, म्हणून दर वर्षी येते आणि थंडीआधी परतते. तिला भूकंपाच्या दिवसाचं पान वाचायचं होतं. फाईल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, अधूनमधून टक्क्याचं चिन्ह, एकमेकांना चिकटलेल्या उद्गारचिन्हांच्या ओळी. दुसरी फाईल तशीच. एक्केचाळीसही तशाच. आई काही बोलली नाही. चष्मा काढून हातात धरून बसली. मला वाटलं, ईस्टरच्या सुट्टीत मी बाबांचं लिखाण पुसून टाकलं.

पुसलं नव्हतं. ते तसंच होतं आणि पहिल्यापासून तसंच होतं. हे समजून घ्यायला मला पुढचे कित्येक आठवडे गेले. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांत मराठी अक्षरं साठवलीच जात नसत. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांसाठी असलेल्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असत. बाबा ‘पहाट’ लिहीत तेव्हा यंत्र आपलं चार-पाच इंग्रजी खुणा नोंदवून ठेवी, आणि फॉन्ट त्या खुणांवर मराठीचा मुखवटा चढवी. मी विंडोज काढलं तेव्हा फॉन्टही गेला, मुखवटा गळून पडला. जुन्या डिस्कवर फॉन्टची फाईल सापडली, ती लिनक्समध्ये ठेवली आणि मंगळवारी रात्री बाबांची पानं पुन्हा मराठीत दिसली. आईने ती पहाट सलग दोनदा वाचली.

पण एकदा पोटात शिरलेली ती भीती गेली नाही. पान दिसत होतं, तरी त्यात ‘कोयना’ हा शब्द शोधला तर सापडत नव्हता. पुण्याला भावाला पाठवलं की त्याच्याकडे पुन्हा उद्गारचिन्हं. म्हणजे बाबांच्या आठवणींचं सगळं भवितव्य फॉन्टच्या त्या एका छोट्या फाईलवर होतं.

यावरचा उपाय बाबा लिहीत होते तेव्हाही जगात होता, ही गोष्ट मला आजही टोचते. सगळ्या लिप्यांसाठी ठरवलेल्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१पासून आहे. तिथे देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांची पट्टी आहे, आणि ती आखताना भारतीय भाषांसाठी भारतात ठरवलेल्या इस्की या मानकाचाच आधार घेतला होता. विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने मंगल हा युनिकोड फॉन्टही दिला होता. तो घडवला होता र. कृ. जोशींनी, ज्यांनी देवनागरीच्या वळणांना आयुष्य दिलं. एक्सपीतही ती सोय होती. फक्त कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, विंडोजची सीडी घालून ती चालू करावी लागे. ती आम्ही कधी चालू केलीच नाही. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बाबा चार वर्षं उसन्या जागांवर लिहीत राहिले, आणि त्यांच्या हक्काची जागा त्याच यंत्रात बंद होती.

त्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं, की सरकारी कामात ज्या दस्तऐवजांवर अनेकांनी मिळून काम करायचं असतं, ते ओडीएफ या खुल्या प्रकारात असावेत. बातमी वाचून मी मान डोलावली. एरवी असल्या बातमीकडे माझं लक्षही गेलं नसतं.

आईने मात्र वेगळंच मनावर घेतलं. ती म्हणाली, "मला नीट टाइप करायला शिकव." लिनक्समध्ये मराठीचे तीन-चार कीबोर्ड होते. रोमन लिपीत लिहून मराठी उमटवणारा सोपा, पण तिचं इंग्रजी स्पेलिंगशी जमेना. तिने इनस्क्रिप्ट धरला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘ल’च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ळ’. बाराखडी घोकून वाढलेल्या माणसाला ही रचना पटते. आमच्या ब्रिटिश कीबोर्डवर ईमेल पत्त्यातल्या त्या वेटोळ्या चिन्हाची जी कळ आहे, तिच्यावर शिफ्ट धरून ‘ठ’ येतो, हे तिने कागदावर चित्र काढून पाठ केलं. सप्टेंबरात परत गेली आणि पुण्याच्या घरच्या विंडोजवर बसली, तर कळा त्याच! कारण इनस्क्रिप्ट कुणा एका कंपनीचा नाही, सगळ्यांसाठी ठरवलेला आहे. फोनवर तिचा आवाज इतका उजळला होता, की मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत राहिले.

त्यानंतरची तीन-चार वर्षं शांततेत गेली. २०१७मध्ये झुबुंटूच्या त्या आवृत्तीची मुदत संपली, आम्ही लिनक्स मिंट घेतलं. अर्ध्या दिवसाचं काम. त्याच वर्षी मे महिन्याच्या १२ तारखेला वॉनाक्राय नावाचा सायबर हल्ला झाला आणि इंग्लंडमधल्या आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० विस्कळीत झाले. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना कागद-पेन घेऊन वॉर्डात फिरावं लागलं. विंडोजमधल्या ज्या छिद्रातून तो शिरला, त्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो वेळेत बसवला गेला नव्हता, एवढंच. अपडेट ढकलण्याची आमच्या घरची सवय त्या शुक्रवारी सुटली.

मग आला २०१८चा उन्हाळा. मुलगा चौदा वर्षांचा झाला होता. २०१४च्या सप्टेंबरापासून इंग्लंडच्या शाळांत प्राथमिकपासून प्रोग्रॅमिंग आलं, त्या पहिल्या फळीतला तो. केंब्रिजमध्ये जन्मलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर वाढदिवसाला मिळालेला, त्यावरही लिनक्सच, त्यामुळे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्याच्या हाताखालची. मराठी बोलायला येई. वाचताना मात्र अक्षर अक्षर लावत जाई. आजोबांच्या फायली युनिकोडमध्ये आणायचं काम त्याने अंगावर घेतलं, आणि मला वाटतं, लिपी तो त्यातच शिकला.

प्रत्येक उसन्या खुणेसमोर खरं अक्षर लिहिलं, की काम संपेल असं त्याला वाटलं होतं. तसं होत नव्हतं. जुन्या फॉन्टात ‘दिवस’ लिहिताना वेलांटी आधी टाइप होते आणि ‘द’ नंतर, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतो : आधी ‘द’, मग वेलांटी. ‘स्थिती’ त्याहून अवघड; पहिली वेलांटी ‘स्’ ओलांडून ‘थ’च्या मागे न्यायची. ‘मूर्ती’तला रफार सगळ्यात शेवटी टाइप केलेला असतो, तो उचलून ‘ती’च्या अलीकडे आणायचा. दुपारी तो वरून हाक मारायचा, "आजी, बोलताना र आधी येतो ना?" आई खालून म्हणायची, "आधीच येतो. म्हणून तर पुढच्याच्या डोक्यावर बसतो." मग ‘दऱ्या’मधला वेगळा अर्धा र, मग ‘ज्ञ’, मग ‘श्र’. जेवणाच्या टेबलावर आठवडाभर हेच बोलणं.

नव्वद टक्के मजकूर तीन आठवड्यांत आला. उरलेल्यात एक विचित्र चूक होती. ‘रवांब कोसळला’, ‘रवोलीचं दार’, ‘रवडकावर बसलो’. मुलगा आपल्या प्रोग्रॅममध्ये दोष शोधत राहिला. आईने पडद्याजवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "यांना ‘ख’ सापडला नसणार." तसंच होतं. बाबांना कीबोर्डवर ‘ख’ची कळ कुठे आहे ते कळलं नव्हतं. म्हणून त्यांनी ‘र’ आणि ‘व’ शेजारी शेजारी टाइप केले होते. त्या फॉन्टात ते जुळून हुबेहूब ‘ख’ दिसत. एक्केचाळीस फायलींत शेकडो वेळा. त्यांनी हे कुणाला विचारलं नाही. दोन बोटांनी टाइप करणारा माझा बाप दाराआड बसून दर ‘ख’ दोन अक्षरांतून बांधत राहिला.

‘रव’ दिसला की ‘ख’ कर, असं यंत्राला सांगता येत नव्हतं. ‘रविवार’ होता. ‘आम्ही मदतीला रवाना झालो’ होतं. म्हणून आई वाचायची आणि मुलगा एकेक दुरुस्त करायचा. असं वाचता वाचता आईने स्वतःची ती पहाट पहिल्यांदा सांगितली : साताऱ्याला माहेरी फळीवरची पितळी भांडी खाली आली आणि तिच्या आजीने सगळ्यांना नावं घेऊन हाका मारून अंगणात मोजलं. ऑगस्टच्या शेवटी फायली पुण्याला भावाकडे गेल्या. त्याने ‘कोयना’ शोधला. सापडला.

२०१९मध्ये ते जुनं यंत्र अखेर बंद पडलं. नव्यावरही मिंटच आहे. महामारीत आई दोन वर्षं येऊ शकली नाही, तेव्हा रोज संध्याकाळी बॉक्स रूममधूनच तिच्याशी बोलणं व्हायचं. मुलगा आता मँचेस्टरला शिकतो. त्याच्याकडे लॅपटॉप दुसऱ्याच पद्धतीचा आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

ऑक्टोबरात ज्यांनी विचारलं, त्यांतले हाऊन्सलोचे एक काका लॅपटॉप घेऊन घरीच आले. यंत्र धडधाकट, पण विंडोज ११च्या अटींत बसत नव्हतं. चहा झाल्यावर मी विचारलं, "काका, यात मराठीतलं काय काय आहे? आणि ते कशात टाइप केलंय?" ते थोडे थांबले. मग म्हणाले, काकूंनी पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या मराठी मुलांसाठी नाटुकल्या लिहिल्या होत्या, त्या असतील कुठेतरी. काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. तासभर शोधल्यावर एका जुन्या फोल्डरमध्ये बावीस फायली मिळाल्या. उघडल्या, तर कंस, टक्क्याची चिन्हं, उद्गारचिन्हं. काका माझ्याकडे बघायला लागले. मी मुलाला मेसेज केला, की तुझा तो जुना प्रोग्रॅम पाठव. आईने परतीच्या तयारीसाठी अर्धवट भरलेली बॅग तशीच ठेवली, बॉक्स रूममध्ये खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला आणि काकांना म्हणाली, "बसा. आधी त्यांचा ‘ख’ कसा आहे ते बघू."