लसीकरण कार्डाची चाळीस वर्षे

बाळंतीण घरी येते तेव्हा बाळाच्या दुपट्यांबरोबर सरकारी दवाखान्याचं एक कार्डही येतं. त्यावरचे रकाने बघून नवे आईबाबा गांगरतात: एवढ्याशा जिवाला इतक्या सुया कशाला? उत्तरासाठी हे रकाने कसे भरत गेले ते पाहायला हवं.

19 नोव्हेंबर 1985 रोजी देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. देवीचा शेवटचा रुग्ण दहा वर्षांपूर्वीच, 1975 मध्ये सापडला होता. नव्या कार्यक्रमाचा रोख सहा आजारांवर होता: क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर. लस थंड राहिली तरच उपयोगी, त्यामुळे बर्फाचा डबा घेऊन वाडीवस्तीपर्यंत चालत जाणाऱ्या नर्सबाईंवर सगळी भिस्त होती. काचेच्या सिरिंज उकळून पुन्हा वापरल्या जात. एकदाच वापरता येणाऱ्या, आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंज कार्यक्रमात 2005 च्या सुमारास आल्या.

1995 पासून पोलिओ रविवार सुरू झाले. बूथवर दोन थेंब आणि करंगळीला शाई. इतक्यांदा डोस कशाला, अशी कुरकुर तेव्हाही होती. पण आपल्याकडच्या दाट वस्तीत आणि अस्वच्छ पाण्यात दोन-तीन डोसांनी भागत नव्हतं. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

या यशाच्या काळात महाराष्ट्राचं नेहमीचं लसीकरण मात्र घसरलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1998-99 मध्ये राज्यातल्या सुमारे 78 टक्के बाळांना सगळ्या मूलभूत लसी मिळाल्या होत्या. 2015-16 मध्ये हे प्रमाण 56 टक्क्यांवर आलं. पुढे मिशन इंद्रधनुषसारख्या मोहिमा झाल्या, आशाताई घरोघरी गेल्या आणि 2019-21 च्या पाहणीत ते 73 टक्क्यांच्या वर गेलं. तरीही जुनी उंची गाठली गेली नव्हती.

कार्डावरचे रकाने वाढले ते मुख्यतः 2011 नंतर. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या त्रिगुणी लसीच्या पहिल्या तीन डोसांच्या जागी पाच आजारांची पेंटाव्हॅलंट आली. त्यामुळे या डोसांच्या वेळी कावीळ-ब आणि हिबसाठी (मेंदुज्वर-न्यूमोनियाचा एक जंतू) वेगळी टोचणी लागत नाही. 2016 पासून जुलाबावरची रोटाव्हायरस लस आणि 2017 पासून न्यूमोनियावरची पीसीव्ही टप्प्याटप्प्याने आली. गोवरची जागा गोवर-रुबेलाने घेतली.

2022 मध्ये मुंबईतल्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवर उसळला, मुलं दगावली. कोविडच्या काळात हुकलेले डोस त्यामागचं एक मोठं कारण होतं. गोवरचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं लसीच्या आड येतात. पहिल्या डोसाने काही बाळांच्या अंगात प्रतिकारशक्ती तयारच होत नाही. त्यांच्यासाठी सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस. तोवर बाळ धावू लागलेलं असतं, आई कामावर रुजू झालेली असते, आणि नेमका हाच डोस राहून जातो.

चाळीस वर्षांचा धडा हाच: जन्माच्या वेळचे डोस बहुतेकांचे होतात, दीड वर्षाचा रकाना कोरा राहतो. सहा, दहा आणि चौदा आठवडे ही वेळापत्रकाची मधली साखळी. एकेक डोस आधीच्या डोसाचं काम पक्कं करतो. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे जायचं. साधी सर्दी किंवा खोकला असला तरी लस देता येते. पेंटाव्हॅलंटनंतर दोन दिवस कणकण येऊ शकते. क्षयावरची बीसीजी टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते. तिला हळद, मलम काही लावू नये. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावं. ताप फार चढला, झटका आला किंवा बाळ सतत रडत राहिलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

घटसर्पाने गुदमरलेलं मूल आजच्या बहुतेक आईबाबांनी पाहिलेलं नाही, ही या कार्यक्रमाचीच कमाई. म्हणूनच त्या आजाराची धास्ती वाटत नाही आणि सुईचीच वाटते. तेव्हा आज घरातलं कार्ड काढा, पुढची तारीख बघा आणि सोळाव्या महिन्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.