वाऱ्याचं बळ – भाग ५ : पात्याचा पीळ

मागच्या आठवड्यात आपण पाणचक्की पाहिली. पाण्याचं वजन चाकाची एक बाजू खाली ओढतं आणि चाक फिरतं, इतका तो सरळ मामला. पवनचक्कीपाशी हा सरळपणा संपतो. वारा समोरून येतो, पण पातं त्याच्याबरोबर मागे जात नाही. त्याला आडवं, काटकोनात फिरतं. मागे लोटणारा वारा पात्याला बाजूला कसा नेतो?

इराणच्या खोरासान प्रांतात, नश्तीफान गावी, उभ्या आसाच्या जुन्या चक्क्या आहेत. तिथे असला पेच नाही. वारा फळ्यांना थेट ढकलतो आणि परतीच्या फळ्या भिंतीआड राहतात. पण त्यामुळे निम्म्या फळ्यांना कायम वारा मिळत नाही, आणि नुसत्या धक्क्यावर चालणारी फळी वाऱ्याहून वेगाने कधीच धावू शकत नाही.

नेदरलँड्समधल्या किंडरडाइकच्या चक्क्यांच्या पात्यांची टोकं मात्र वाऱ्याच्या तिप्पट वेगाने सहज धावतात. तिथे १९ चक्क्या उभ्या आहेत, बहुतेक १७३८ ते १७४० या काळातल्या. समुद्रसपाटीखालच्या शेतजमिनीतलं पाणी उपसून वर चढवणं हे त्यांचं मूळ काम. पातं म्हणजे लाकडी जाळीची लांब चौकट, तिच्यावर शिडाचं कापड ताणलेलं. ही चौकट वाऱ्याला किंचित तिरपी असते. तिरप्या पृष्ठभागावरून वारा एका बाजूला वळतो आणि वळताना पात्याला दुसऱ्या बाजूला रेटतो. हे झालं कोड्याचं अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं मला अधिक मोलाचं वाटतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान पारां या फ्रेंच गणितज्ञाने हिशेब मांडला, की पातं फिरण्याच्या पातळीशी सुमारे ३५ अंश तिरपं असावं. हिशेब बिनचूक होता, पण स्थिर पात्याचा. फिरणाऱ्या पात्याला लागणारा वारा वेगळाच असतो. पाऊस सरळ खाली पडत असला, तरी दुचाकीवरून जाताना तो समोरून तोंडावर येतो ना, तसंच हे.

आकडे घेऊन पाहू. पात्याची लांबी १४ मीटर, मिनिटाला १५ फेरे आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ७ मीटर धरा. पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २२ मीटर धावतं, म्हणजे ताशी जवळजवळ ८० किलोमीटर. त्या टोकाला वारा जवळपास समोरून, स्वतःच्याच धावण्याच्या दिशेकडून येत असल्यासारखा लागतो. मुळापाशी मात्र पातं संथ, तिथे वारा बराचसा मूळच्याच दिशेने येतो. एकाच पात्यावर मुळापासून टोकापर्यंत वाऱ्याची दिशा बदलत जाते. मग एकच कोन सगळीकडे कसा चालेल? म्हणून पात्याला पीळ हवा: मुळाकडे जास्त तिरपं, टोकाकडे जवळपास सपाट. असा पीळ असला की हवा टोकाला धडकत नाही, घसटून जाते. पात्याच्या पाठीवरचा दाब उतरतो आणि पातं तिकडे ओढलं जातं. विमानाच्या पंखाला उचलणारं बळ हेच.

डच सुतार असा पीळ आधीपासूनच देत होते. तो मोजून तपासला इंग्लंडच्या जॉन स्मीटन या अभियंत्याने. वारा लहरी, म्हणून त्याने छोटी पाती एका फिरत्या दांड्यावर बसवून स्थिर हवेतून फिरवली. १७५९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्याने पात्याचे सहा भाग करून कोन दिले: आसाकडून १८, १९, १८, १६, साडेबारा आणि टोकाला ७ अंश. पारांच्या कोनातलं सपाट पातं या प्रयोगांत मागे पडलं. हा निकाल मला विलक्षण वाटतो, कारण इथे नाव न उरलेल्या कारागिरांच्या हाताला प्रयोगाने मान दिला.

त्याच निबंधात आणखी दोन गोष्टी आहेत. सगळं वर्तुळ कापडाने भरलं तर काम वाढत नाही, घटतं. वापरलेल्या वाऱ्याला निसटायला वाट हवी. दुसरी गोष्ट, मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती सुमारे आठपट. चक्कीवाल्याचा जीव टांगणीला लागतो तो इथेच. वारा चढू लागला की चक्की थांबवायची, एकेक पातं खाली आणायचं, जाळीवर चढून कापड गुंडाळायचं. उशीर झाला आणि ब्रेक धरेनासा झाला, तर लाकडी ब्रेक घर्षणाने तापून पेट घेऊ शकतो. चक्क्या अशा जळालेल्याही आहेत. १८०७ मध्ये विल्यम क्यूबिटने कापडाऐवजी झडपा लावल्या, त्या चक्की चालू असतानाच उघडता-मिटता येत, तेव्हा कुठे ही धावपळ कमी झाली.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, तर थांबलेल्या पवनचक्कीचं पातं मुळापासून टोकापर्यंत नजरेने निरखा. कापड गेलं, लाकूड गेलं, फायबरग्लास आलं. पीळ तिथेही दिसेल.

पण हे सगळं पात्यांचं तोंड वाऱ्याकडे असेल तरच. वाऱ्याने दिशा बदलली, की चक्कीचा अवजड माथा वळवायचा कोणी आणि कसा, ते पुढच्या आठवड्यात.