तळेगावची न लागलेली पाटी

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीच्या रस्त्यावर एखादी जुनी शेवरोले सेल दिसली की मी थांबून पाहतो. बोनेटवर अमेरिकी कंपनीची खूण, आराखडा शांघायचा आणि बांधणी पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव दाभाड्याची. ज्या कारखान्यातून ती बाहेर पडली, त्याच्या फाटकावरच्या पाट्यांचा इतिहास आपण नीट वाचायला हवा.

शेवरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सने हा कारखाना २००८ मध्ये सुरू केला. पुढच्याच वर्षी कंपनीने भारतातल्या व्यवसायात शांघायच्या सायक कंपनीला निम्मा भागीदार करायचे ठरवले. याच दोघांनी १९९७ मध्ये चीनमध्ये संयुक्त कंपनी काढली होती. तेव्हा शिकवणारी अमेरिकी कंपनी होती आणि शिकणारी चिनी. पंधरा वर्षांनी, २०१२ मध्ये, चीनमध्ये घडवलेली सेल भारतात आली.

हे आपोआप झाले नाही. चीनमध्ये मोटारी बांधायच्या तर स्थानिक कंपनीला सोबत घ्या आणि निम्म्याहून जास्त मालकी मागू नका, ही तिथल्या सरकारची अट होती. फोक्सवागन १९८४ मध्ये याच वाटेने शांघायला गेली. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरलाही २०१२ मध्ये चेरी या चिनी कंपनीशी निम्मी भागीदारी करावी लागली. प्रवासी मोटारींसाठी ही अट थेट २०२२ मध्ये उठली. तोवर सुट्या भागांचे पुरवठादार, साचे बनवणारे कारागीर आणि आरेखन करणारे अभियंते तिथे तयार झाले होते. २०२३ मध्ये फोक्सवागननेच एक्सपेंग या तरुण चिनी कंपनीत सुमारे पाच टक्के हिस्सा घेतला, तो तिच्याबरोबर विजेच्या गाड्या विकसित करण्यासाठी. गुरूच शिष्याच्या दारी आला.

तळेगावात मात्र वेगळे घडले. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. गुजरातमधला हालोलचा कारखाना सायककडे गेला आणि तिथून तिच्या एमजी गाड्या निघू लागल्या. तळेगाव काही काळ निर्यातीवर तगले. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. हजारांहून अधिक कामगारांचा रोजगार गेला आणि त्यांच्या संघटनेने न्यायालयाची वाट धरली.

हा कारखाना घ्यायला चीनची ग्रेट वॉल मोटर्स तयार होती. जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारशी तिचा ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. त्याच दिवसांत गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान शहीद झाले. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी बंधनकारक करणारा नियम एप्रिलमध्येच आला होता. ती परवानगी मिळाली नाही आणि २०२२ च्या मध्यात व्यवहार संपला. चिनी पाटी फाटकावर लागलीच नाही. २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना विकत घेण्याचा करार केला. आज तिथे तिची नवी व्हेन्यू गाडी बनते.

सीमेवर रक्त सांडत असताना सरकारने सावध राहणे योग्यच होते. पण चिनी तंत्र आपल्या रस्त्यांवर आलेच आहे. एमजीच्या भारतीय कंपनीत सज्जन जिंदाल यांच्या जेएसडब्ल्यू समूहाने ३५ टक्के हिस्सा घेतला आहे. भागीदारी करावी की नाही, हा प्रश्न आता मागे पडला. ती कोणत्या अटीवर करावी, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे करार होतो तेव्हा कोटींचा आणि नोकऱ्यांचा आकडा जाहीर होतो. किती सुटे भाग इथे घडतील, आरेखन कोण करेल, बॅटरीचे तंत्र कोण शिकेल, हे क्वचितच विचारले जाते. पारशिवनीसारख्या तालुक्यातून आयटीआय करून सातशे किलोमीटर दूर पुण्याकडे जाणाऱ्या पोराला याच प्रश्नांच्या उत्तराची गरज आहे. मालक बदलला तरी त्याच्या हातातली विद्या त्याच्यापाशीच राहते. पुढचा करार करताना सरकारने आणि उद्योगाने त्या विद्येची अट सर्वांत आधी लिहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.