छायाचित्रातील सायकलींचे साल

गेल्या वर्षी आमचे एक स्नेही युरोपचा प्रवास करून परतले. ॲमस्टरडॅम शहरात वॉटरलूप्लाइन नावाचा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तेथून त्यांनी एक छायाचित्र विकत आणले. कालव्यावरील पूल, सकाळची वेळ, आणि कामावर निघालेल्या पंचवीस-तीस स्त्रीपुरुषांची सायकलींवरून चाललेली रांग. कुणाच्या हँडलला डब्याची पिशवी, कुणाच्या मागे कॅरियरवर मूल. चित्राच्या पाठीवर कुणा अज्ञात हाताने पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : १९३९.

स्नेह्यांनी ते चौकटीत बसवून घेतले आणि त्याखाली लिहायला शब्दही ठरवून टाकले : ‘वादळापूर्वीची सकाळ’. चित्र दाखवताना त्यांचा आवाज जड झाला. “बघा, किती निर्धास्त चेहरे! पुढच्याच वर्षी आपल्यावर काय कोसळणार आहे, याची यांना कल्पनाही नाही.”

चित्र आम्हांलाही आवडले. पण ते साल मनाला पटेना. चेहऱ्यांवरून साल सांगता येत नाही. सायकलींवरून काही प्रमाणात सांगता येते. ते कसे, हे आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे. आम्ही काही या विषयातले पंडित नव्हे. पण आयुष्याची बरीच वर्षे सायकलच्या सीटवर आणि त्याहून थोडी कमी सायकल-दुरुस्तीच्या दुकानातील बाकावर घालवली आहेत, एवढा अधिकार पुरे समजावा.

प्रथम एक नियम ध्यानात घेऊ. शेतात नाण्यांचा हंडा सापडला, तर तो केव्हा पुरला हे त्यातील सर्वांत जुन्या नाण्यावरून ठरत नाही. सर्वांत नव्या नाण्यावरून ठरते. हंड्यात शिवकालीन होन आहे आणि त्याच्याच शेजारी राणीच्या छापाचा रुपया आहे. तर हंडा राणीच्या काळाआधी पुरलेला नाही, हे उघड आहे. छायाचित्राचेही तसेच. त्यातील जुन्या वस्तू काही सिद्ध करीत नाहीत, कारण जुनी वस्तू नव्या काळातही वापरात असते. जी वस्तू सर्वांत नवी, ती जन्मली त्यापूर्वी चित्र काढलेले असू शकत नाही. म्हणजे सायकलीचा प्रत्येक भाग आपणास ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो. ‘याच्या नंतरचे नाही’ हे सांगणारा पुरावा फार दुर्मिळ, आणि तो सायकलीत क्वचितच मिळतो.

आता सांगाड्यापासून सुरुवात करू. दोन सारखी चाके, मागच्या चाकाला चेनने मिळणारी गती, हे आजच्या सायकलीचे रूप १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ सायकलीने रूढ केले. हवा भरलेला टायर १८८८ साली बेलफास्टमधील डनलॉप या पशुवैद्यांनी सायकलीस बसवला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सायकलीची चौकट जी ठरली, ती ठरलीच. त्यामुळे केवळ फ्रेम पाहून काळ सांगू जाणारा हमखास फसतो. आपल्याच घरची गोष्ट घ्या. दांड्यांचे ब्रेक, उंच हँडल, मोठी चाके असलेली काळी सायकल इंग्लंडात मागे पडल्यावरही आपल्याकडील कारखान्यांतून कित्येक दशके तशीच बाहेर पडत राहिली. तिचा फोटो पाहून कुणी ‘हा १९२५ सालचा’ म्हणाला, तर आपले दूधवाले हसतील.

सांगण्यास संकोच वाटतो, पण प्रथमदर्शनी आम्हीही असेच फसलो. चित्रातील उंच फ्रेमी, काळी चेनकव्हरे आणि दांड्यांचे ब्रेक पाहून आम्ही स्नेह्यांना म्हणालो, “हे १९३९ च्याही आधीचे दिसते.” आमचेच तत्त्व आम्ही विसरलो होतो. मग चित्र स्कॅन करून पडद्यावर मोठे केले आणि एकेक भाग शांतपणे पाहू लागलो.

ब्रेक पाहावे, तर काही सायकलींच्या हँडलावर काहीच नाही. ना दांडी, ना तार. पण म्हणून त्या बिनब्रेकच्या ठरत नाहीत. उलटे पेडल मारले की मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक लागतो, अशी रचना युरोपात, विशेषतः जर्मनी व नेदरलँड्समध्ये, फार लोकप्रिय आहे. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथील फिख्टेल आणि झाक्स या कारखान्याचा ‘टॉर्पेडो’ हब १९०३ च्या सुमारास आला आणि घरोघरी पोचला. तारेच्या ब्रेकचे मूळ त्याहून जुने. बाउडेन यांचे तारेचे पेटंट १८९६ सालचे. सारांश, ब्रेकने आम्हांला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आणून सोडले, पुढे नेले नाही.

दिव्याने थोडे पुढे नेले. आरंभी सायकलीला तेलाचा, मग कार्बाइडचा दिवा असे. टायरला घासून फिरणारा, बाटलीच्या आकाराचा डायनॅमो जर्मनीतील बॉश कंपनीने १९२३ साली बाजारात आणला. आपल्याकडे रात्री बिनदिव्याची सायकल नेली म्हणजे चौकातला पोलीस अडवीत असे, हे ज्यांना आठवते, त्यांना त्या डायनॅमोची घरघरही आठवेल. चित्रात निदान सहा सायकलींच्या पुढल्या चिमट्याला असा डायनॅमो आहे. म्हणजे चित्र १९२३ च्या आधीचे नव्हे. १९३९ ला यामुळे काही बाध येत नाही.

गिअरचे पाहू. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे स्टर्मी-आर्चर यांचा हबमध्ये दडलेला तीन गतींचा गिअर १९०३ पासून बनू लागला. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध हब १९३६ साली आला. त्या हबवर तो कोणत्या सालचा, हे ठोकलेले असते. सायकल हाती असेल तर कापड घेऊन हब पुसावा आणि साल वाचावे, याहून सोपे काय? परंतु छायाचित्रातला हब पुसता येत नाही. तसेच लखलखीत हँडल पाहून ‘हा क्रोम, म्हणजे १९३० नंतरचा’ असेही म्हणू नये; काळ्या-पांढऱ्या चित्रात निकेल आणि क्रोम सारखेच चमकतात. जेथे डोळा खात्री देत नाही, तेथे थांबावे.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. नेदरलँड्समध्ये १९२४ साली सायकलींवर कर बसवण्यात आला. आपल्याकडील नगरपालिकाही पूर्वी सायकलीवर कर घेत आणि बिल्ला देत. तशी तेथे कर भरणाऱ्यास धातूची छोटी पट्टी मिळे. तिच्यावर सालाचे आकडे उठवलेले असत आणि ती सायकलीवर, बहुधा हँडलाखालच्या नळीवर, समोरून दिसेल अशी लावावी लागे. गरिबांना आणि बेकारांना ही पट्टी फुकट मिळे. मात्र तिच्या मधोमध भोक पाडलेले असे. सरकारने दान दिले, पण ते चारचौघांत दिसेल अशी व्यवस्थाही करून ठेवली. हा कर जर्मन अंमलाखाली १९४१ च्या मे महिन्यात रद्द झाला.

म्हणजे १९३९ साली ॲमस्टरडॅमच्या पुलावरून जाणाऱ्या सायकलीवर पट्टी असावयास हवी. आमच्या चित्रात सात सायकलींची हँडलाखालची नळी समोरून स्वच्छ दिसते. कारखान्याचे नावचिन्हसुद्धा ओळखू येते. पट्टी एकीवरही नाही, भोकाची नाही आणि बिनभोकाचीही नाही. एखाद्या वस्तूच्या नसण्यावरून निष्कर्ष काढताना जपावे लागते. एखाद्याची पट्टी पडली असेल, एखादा कर चुकवणाराही असेल. पण सातच्या सात? येथे १९३९ हे साल डळमळू लागले.

मग ते १९४१ नंतरचे, युद्धकाळातले असेल काय? तेही जुळेना. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी तेथील सायकली जप्त करण्यास आरंभ केला. त्याच सुमारास ज्यूंना तर आपल्या सायकली सरसकट जमा कराव्या लागल्या. पुढे रबर मिळेनासे झाले, तेव्हा लोक बागेला पाणी घालण्याच्या नळीचे तुकडे रिमवर बसवीत, लाकडी टायर लावीत. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात अन्न शोधीत खेड्यांकडे निघालेली माणसे अशाच खडखडत्या चाकांवरून गेली. आमच्या चित्रात मात्र सगळे टायर हवेचे आणि गुबगुबीत आहेत.

शेवटची साक्ष चित्राच्या अगदी डाव्या कडेला सापडली. एक पोक्त गृहस्थ दोन्ही पाय स्थिर ठेवून चालले आहेत आणि त्यांच्या पुढल्या चाकावर, हँडलासमोर, एक काळे गाठोडे दिसते. आम्ही ते प्रथम सामान समजलो. ते सामान नव्हते, इंजिन होते. ‘व्हेलोसोलेक्स’ या नावाचे हे फ्रेंच वाहन. इंजिन पुढच्या चाकावर बसते आणि एक छोटा रूळ टायरवर दाबून चाक फिरवते. ते बाजारात आले १९४६ साली, आणि १९४८ पासून नेदरलँड्समध्येही परवान्याने बनू लागले. हंड्यातले सर्वांत नवे नाणे हातास लागले. चित्र १९४६ च्या आधीचे असू शकत नाही.

वरची मर्यादा कोणती, असे श्रोते विचारतील. १९६२ साली इंग्लंडात ॲलेक्स मोल्टन यांची लहान चाकांची सायकल आली आणि पुढे तसल्या सायकली युरोपभर दिसू लागल्या. आमच्या चित्रात तशी एकही नाही. पण पंचवीस-तीस सायकलींत ती नाही, यावरून ती अस्तित्वातच नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. तेव्हा ‘१९४६ नंतरचे, बहुधा १९६० च्या अलीकडचे नव्हे’ एवढ्यावर आम्ही थांबलो. या वाक्यातील ‘नंतरचे’ पक्के आहे, ‘बहुधा’ हे बहुधाच आहे.

हे सारे ऐकून स्नेही खिन्न झाले. म्हणाले, “पाच-दहा वर्षांचा फरक, एवढे काय त्यात?” प्रश्न रास्त आहे; त्याचे उत्तर दिल्याशिवाय या खटाटोपाला अर्थ नाही.

युद्धापूर्वी नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू राहत असत. त्यांपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. त्यांतले बहुसंख्य ॲमस्टरडॅमचे होते आणि वॉटरलूप्लाइनचा तो बाजार त्यांच्याच वस्तीच्या मध्यभागी भरत असे. चित्र १९३९ चे असते, तर त्या रांगेत तेही असते. आपल्या सायकलींवर, आपल्या कामाला निघालेले. चित्र १९४६ नंतरचे आहे, म्हणजे त्यांतले बहुतेक या रांगेत नाहीत. जी माणसे दिसतात, ती पुढे काय होणार हे न जाणणारी नव्हेत. सारे पाहून, भुकेचा हिवाळा काढून, पुन्हा टायर मिळाल्यावर सकाळी कामाला निघालेली आहेत. ज्यांना आम्ही निर्धास्त म्हटले, ते निर्धास्त नव्हते, वाचलेले होते. चेहरे तेच आहेत, पण त्यांना दिलेले खोटे साल त्यांच्यापासून त्यांचे भोगणे हिरावून घेते. आणि जे त्या पुलावर नाहीत, त्यांचे नसणेही झाकून टाकते.

स्नेह्यांनी दोन दिवस विचार केला आणि चौकटीखालची ओळ बदलली. आता तेथे लिहिले आहे : ‘ॲमस्टरडॅम, युद्धानंतरची एक सकाळ. १९४६ पूर्वीचे नाही.’ पाठीवरचे पेन्सिलीचे साल त्यांनी खोडले नाही. आम्हीच तसे सुचवले. चुकीची नोंददेखील नोंदच असते. तिच्याखाली दुरुस्ती लिहावी, ती पुसू नये.

जाता जाता एक विनंती. आपणां प्रत्येकाच्या घरी जुनी छायाचित्रे असतील. एखाद्यात वडील सायकलीला टेकून उभे असतील, एखाद्यात आत्या ‘लेडीज’ सायकल शिकत असेल. आज घरी गेल्यावर ती काढा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाठीवर पेन्सिलीने गाव, साल, नावे लिहून ठेवा. जे नक्की ठाऊक नाही, त्यापुढे ‘बहुधा’ असेही लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी आपल्या वडिलांच्या सायकलीचा ब्रेक आणि डायनॅमो निरखीत बसेल. सायकल आपल्यापरीने खरेच सांगेल. पण वडिलांचे नाव काही तिला सांगता यावयाचे नाही.