मोटारीच्या दिव्यांचे आयुष्य

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांची नावे असावीत, आपल्या मुलामुलींच्या यशाची नोंद असावी. तेथे मोटारीच्या बल्बवरील लेख कशाला, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु संस्थेच्या रुग्णवाहिकेची व्यवस्था आमच्याकडे आहे, आणि तिच्या हिशेबाच्या वहीत काही काळ सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद 'हेडलाइट बल्ब' हीच होती. रक्कम दर खेपेस किरकोळ असे. प्रश्न रकमेचा नव्हता. तो बल्ब कोठे आणि कोणत्या वेळी जातो, याचा होता.

२०२३ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. सावंतवाडीहून एका वृद्ध बाईंना बेळगावच्या इस्पितळात आणावयाचे होते. आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात धुके कसे उतरते हे आपल्याकडील माणसास सांगावयास नको. अर्धा घाट चढून झाला आणि डाव्या बाजूचा दिवा गेला. त्याच बाजूचा फॉग लाइट आधीच बंद होता; 'सवडीने पाहू' म्हणून तो राहून गेलेला. दोन अवघड वळणांवर बाईंचा मुलगा मोबाइलचा उजेड दाखवीत पुढे चालला, तेव्हा गाडी वर आली. बाई सुखरूप पोहोचल्या. पण गेलेला बल्ब जुना नव्हता; तो बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

तोपर्यंत आम्हीही सर्वांसारखेच करीत होतो. बल्ब गेला की नवा बसवावयाचा आणि 'हल्ली माल चांगला येत नाही' असे म्हणावयाचे. ज्या गॅरेजात गाडी जाई तेथेही हेच उत्तर मिळे. शेवटी आमच्यातील एका सभासदांनी, जे वीजखात्यातून निवृत्त झालेले आहेत, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. काटा पंधराच्या पुढे! ऑल्टरनेटरमधील रेग्युलेटर बिघडलेला होता. तो बदलल्यापासून बल्बची नोंद वहीत क्वचितच येते.

हे असे का घडते, ते थोडक्यात पाहू. साध्या हेडलाइटच्या बल्बमध्ये टंगस्टन धातूची बारीक वेटोळी तार असते. टंगस्टन वितळण्यास सुमारे ३,४०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, म्हणूनच ती तार पांढरीशुभ्र होईपर्यंत तापूनही टिकते. पण तापलेल्या तारेतून धातूचे कण सारखे उडत असतात. जुन्या बल्बांत ते काचेवर बसत, काच काळवंडे आणि तार झिजत जाई. यावर तोड म्हणून हॅलोजन बल्ब आला. युरोपात मोटारींच्या हेडलाइटमध्ये तो १९६२ साली आला. यात आयोडीन किंवा ब्रोमीन यांच्यासारखा वायू अल्प प्रमाणात असतो. उडालेले टंगस्टन त्याच्याशी संयोग पावते, फिरत फिरत तापलेल्या तारेजवळ येते आणि तेथे पुन्हा सुटे होते. काच स्वच्छ राहते, उजेड कायम राहतो. मात्र उडालेला कण ज्या जागेचा होता त्याच जागी परत बसेल असे नाही. तारेची एखादी जागा बारीक होत जाते आणि एक दिवस तेथेच ती तुटते.

आता विजेच्या दाबाचे, म्हणजे व्होल्टेजचे, गणित पाहावे. बल्बला मिळणारे व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले, तर उजेड सतरा-अठरा टक्क्यांनी वाढतो. चालक खूश होतो. पण बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. दहा टक्के वाढले तर ते तिसरा हिस्साही उरत नाही. साधारणपणे इंजिन चालू असता बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. नव्या गाड्यांत संगणक हे थोडेफार खालीवर करतो, तो दोष नव्हे. पण इंजिन गरम झाल्यावरही काटा पंधराच्या वर ठाण मांडून राहत असेल, तर बल्ब आणण्यापूर्वी रेग्युलेटर पाहावा. साधा मीटर बल्बच्या एका जोडीपेक्षा फारसा महाग पडत नाही.

गेलेला बल्ब फेकण्यापूर्वी नीट पाहावा, ही सवय आम्ही आता चालकास लावली आहे. तारेची तुटलेली टोके वितळून गोळीसारखी झाली असतील तर ती जळून तुटली. जुनेपणाने किंवा जास्त व्होल्टेजने. टोके टोकदार, कोरडी मोडल्यासारखी असतील तर हादऱ्याचा संशय घ्यावा. आत पांढरा-पिवळट धूर बसल्यासारखा दिसला तर काचेस तडा जाऊन हवा शिरली, असे समजावे. आणि काचेस एका जागी फुगवटा किंवा दुधी डाग दिसला तर बहुधा बसविणाऱ्याचे बोट तेथे लागलेले असते.

बोटाची गोष्ट पुष्कळांना खोटी वाटते. आपल्या हातास नेहमी थोडे तेल आणि घामाचे क्षार असतात. हॅलोजन बल्बची काच शेकडो अंश तापते. डागाच्या जागी ती इतर भागापेक्षा अधिक तापते, हळूहळू कमजोर होते आणि फुटते. म्हणून बल्ब धातूच्या बुडाशी धरावा किंवा स्वच्छ कागदात धरून बसवावा. हात लागलाच तर थंड बल्ब स्पिरिटने पुसावा आणि वाळू द्यावा. आमच्या गॅरेजातील पोरगा ग्रीसने भरलेल्या बोटांनी बल्ब बसवीत असे आणि आम्ही शेजारी उभे राहून चहा पीत असू!

फॉग लाइटचा शत्रू निराळा. तो म्हणजे पाणी. हा दिवा बंपरमध्ये खाली असतो. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की तापलेल्या दिव्यावर थंड पाण्याचा फटका बसतो. पुढच्या काचेला खड्यामुळे बारीकशी चीर गेली असेल, किंवा मागची रबरी टोपी बल्ब बदलताना कोणी नीट बसविली नसेल, तर पाणी आत जाते आणि बल्बचे काम संपते. पावसाळ्यापूर्वी ही टोपी स्वतः हाताने चाचपून पाहावी. काचेत आतून हलकी वाफ धरली आणि दिवा लावल्यावर गेली तर काळजी नाही. तळाशी पाणी हलताना दिसले तर तो दिवा काढून दुरुस्त करावा लागेल. आणि धुके नसता फॉग लाइट लावून गावातून मिरविणे सोडावे. समोरच्याचे डोळे दिपतात, आणि बल्बचे मोजके तास घाटाच्या आधीच खर्च होतात.

त्या रात्री आमचा बंद राहिलेला फॉग लाइट उघडला तेव्हा बल्ब शाबूत निघाला. होल्डरमधील पितळी पाते हिरवे पडले होते. कपलर सैल असला, अर्थिंगची तार गंजली असली, तर वीज पुरती पोहोचत नाही. दिवा मंद जळतो, जोड तापतो आणि प्लास्टिक वितळू लागते. गंमत अशी की अशा दिव्यातील बल्ब पुष्कळ टिकतो, कारण त्याला पोटभर वीजच मिळत नाही. अशा दीर्घायुष्याचा घाटात काही उपयोग नाही.

हादऱ्यांबद्दल आमच्या रस्त्यांचा अनुभव सर्वांना आहेच. दिव्याचा स्क्रू सैल असेल, बल्बची तारेची क्लिप अर्धवट लागली असेल, तर प्रत्येक खड्ड्यास तार थरथरते. बॉनेट वरून आपटून लावण्याची खोडही वाईट. इंजिन सुरू झाल्यावर दिवे लावावेत आणि बंद करण्यापूर्वी घालवावेत. थंड तार पहिल्या क्षणी कितीतरी पट जास्त वीज ओढते, तो धक्का विनाकारण वारंवार देऊ नये.

जास्त वॅटचे बल्ब घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. आमच्या गाडीस एच-४ जातीचा ६०/५५ वॅटचा बल्ब लागतो. दुकानात त्याच बुडाचा १००/९० चा सहज मिळतो. त्याने होल्डर जळतो, परावर्तकाची चकाकी जाते, वायर तापते, आणि समोरून येणाऱ्यास काही दिसेनासे होते. हॅलोजनच्या घरात नुसता एलईडी बल्ब खोचणे हीही तशीच तडजोड आहे. परावर्तक तारेच्या जागेसाठी घडविलेला असतो, त्यामुळे उजेड भलतीकडे फाकतो. कारखान्यातूनच एलईडी दिवे असलेली गाडी असेल तर तीत तुटावयास तार नाही. तेथे पाणी आणि उष्णता यांचीच काळजी घ्यावी.

पिवळा बल्ब धुक्यातून आरपार जातो, असा समज आहे. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच असत. पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते सर्व रंगांस सारखेच विखुरतात. धुक्यात फॉग लाइटचा उपयोग होतो तो तो खाली बसविलेला असून त्याचा झोत आडवा व रुंद पडतो म्हणून. पिवळ्याने डोळ्यांस थोडे बरे वाटत असेल तर आमची हरकत नाही.

एका बाजूचा बल्ब आयुष्य भरून गेला की दुसराही फार मागे नसतो, म्हणून जोडी एकदम बदलावी आणि उरलेला चालू बल्ब जपून ठेवावा. रुग्णवाहिकेत चालकाच्या शेजारच्या कप्प्यात आता एक डबी आहे. तीत हेडलाइटचे दोन बल्ब, फॉग लाइटचा एक, चार फ्यूज, स्वच्छ रुमाल आणि एक स्क्रू-ड्रायव्हर असतो. झाकणावर बल्ब बसविल्याची तारीख लिहिलेली असते.